मिस्त्रीची रांग

हर्कबहादुरला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. पत्र्याच्या शेडबाहेर बाकडी मांडली होती. बाकीची माणसं त्यांवर कानटोप्या ओढून अंग चोरून बसली होती, आणि हा मात्र गेटपर्यंत जाई, टपरीवर चहा सांगे, अर्धा पिऊन तसाच ठेवी आणि परत येई. चहावालीने तिसऱ्या खेपेला त्याला नवा पेला दिलाच नाही, मगाचाच पुढे सरकवला.

"भिनाजू, टेका की जरा," त्याचा मेहुणा टेकेंद्र बाकावरून म्हणाला. "अशा येरझाऱ्या घालताय की बघणाऱ्याला वाटेल आत तुमची बायको बाळंत होतेय."

"तुझी बहीण बाळंत झाली तेव्हा मी दोह्याला होतो. तेव्हाच्या राहिलेल्या येरझाऱ्या आत्ता घालतोय."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. हर्क हसला नाही. भिनाजू म्हणजे बहिणीचा नवरा. त्याच्या पाया पडायचं आणि तोंड भरून त्याची थट्टाही करायची, हे दोन्ही हक्क गुल्मीच्या डोंगरात मेहुण्याला जन्मानेच मिळतात. टेकेंद्र ते दोन्ही मनापासून बजावायचा. एरवी हर्कला त्याच्या तोंडाळपणाचं कौतुक होतं. आज मात्र पोरगं नको इतकं निवांत दिसत होतं, आणि तेच त्याला खुपत होतं.

आत परीक्षा चालू होती. रोमानियातली एक कंपनी इमारतींच्या वायरिंगसाठी माणसं न्यायला काठमांडूत आली होती. समोर ठेवलेला बोर्ड जोडून दाखवायचा. जमला तर इलेक्ट्रिशियन म्हणून साडेआठशे युरो. नाही जमला आणि तरी जायची हौस असेल तर हेल्पर म्हणून चारशे. विमान तेच, खोली तीच, थंडी तीच. पंचेचाळिशीपुढचा माणूस त्यांना नको होता. हर्कला चव्वेचाळीस पुरी झाली होती. निघताना त्याने देवकलाला, म्हणजे बायकोला, सांगितलं होतं, "इलेक्ट्रिशियन म्हणून घेतलं तर जाईन. हेल्पर म्हणून आता विमानात पाय ठेवणार नाही. इथे लोकांचे पंखे दुरुस्त करीन."

यात मस्ती नव्हती. कतारमध्ये, दोह्यात, तो आठ वर्षं होता आणि आठही वर्षं कागदावर हेल्पर होता. पहिल्यांदा जाताना एजंट 'दाइ, दाइ', म्हणजे दादा, करत म्हणाला, "कागदावर काय का असेना, दाइ, तिथे काम बघून बदलतात." तिथे कोण बदलतंय! शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी पॅनेल जळलं की फोरमन कॅम्पभर ओरडत फिरायचा, "उस्ताद कुठाय, उस्ताद?" आणि हर्क हातातली भाजी तशीच टाकून जायचा. पगाराच्या दिवशी दोन रांगा लागत. एक मिस्त्रींची, एक हेल्परांची. उस्ताद हेल्परांच्या रांगेत. पलीकडच्या रांगेत त्याच्याच हाताखाली काम शिकलेली पोरं उभी असत आणि त्याची नजर चुकवत. उस्ताद म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळे म्हणायचे. करार नवा करताना कंपनी जुना कागद बघे, त्यावर हेल्पर असे, की नव्यावरही हेल्पर.

बाकावर पगाराचीच चर्चा रंगली होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"इंग्रजी फाडफाड आलं तर शंभर वर," दाङ जिल्ह्यातला एकजण म्हणाला.

"उंचावर चढायची तयारी असेल तर वेगळा भत्ता. आमच्या गावचा एकजण पोलंडला टॉवरवर चढतो."

"आणि त्याची बायको इथे देवाच्या पायऱ्या चढते," टेकेंद्र म्हणाला.

"खाण्याचे कापतात का पण? कापत असतील तर साडेआठशेचे सहाशेच धरा."

"या दाइंना विचारा, यांनी जग बघितलंय," दाङवाल्याने हर्ककडे बोट केलं. "काय दाइ, पगार कशावर ठरतो?"

"कागदावरच्या शब्दावर," हर्क म्हणाला. "हाताला कोणी विचारत नाही." आणि तो पुन्हा गेटकडे निघाला.

टेकेंद्र त्याच्यामागून आला. "चला, उजळणी करू," तो म्हणाला.

उजळणी रंगांची होती. आपल्याकडे लाल, पिवळी आणि निळी म्हणजे फेज, चालू वायर. काळी म्हणजे न्यूट्रल. दोह्यातही हर्कने हेच वापरलं होतं. युरोपात सगळं उलटं. तपकिरी, काळी आणि करडी या फेज, निळी न्यूट्रल. म्हणजे इथे जी काळी गरीब, ती तिथे चावणारी, आणि इथली चावणारी निळी तिथे गरीब. कंपनीचा इथला माणूस लोकेंद्र याने आदल्या दिवशी सगळ्यांना रंगीत चित्र वाटलं होतं आणि दहादा बजावलं होतं.

"काळी?" टेकेंद्रने विचारलं.

"फेज."

"निळी?"

"न्यूट्रल. मला शाळेत घालतोस?"

"तोंडपाठ आहे हो. पण हाताचं काय? तुमचे हात म्हातारे झालेत, भिनाजू. म्हाताऱ्यांना नवी सून लवकर पचत नाही."

"पक्कड कशी धरायची ते तुला याच म्हाताऱ्या हातांनी शिकवलं," हर्क म्हणाला. ते थट्टेत म्हणायचं होतं, पण आवाज कडू निघाला. टेकेंद्र सव्वीस वर्षांचा. हर्क सुट्टीवर आला की त्याच्यामागे शिडी घेऊन फिरायचा. पुढे त्याने सरकारी कोर्स केला, सर्टिफिकेट मिळवलं, आणि आता बुटवल शहरात दुकानदार त्याला 'इन्जिनियर भाइ' म्हणत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं हर्कच्या मनात आलं. ते आलं याची त्याला लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून ते गेलं नाही.

तेवढ्यात शेडचं दार उघडलं आणि झापा जिल्ह्याचा एक माणूस हत्यारांची पिशवी छातीशी धरून बाहेर आला. त्याने शेजाऱ्याकडे पेचकस मागितला होता. आत बोलायचं नाही, हा नियम. बोलला, बाहेर. हेल्पर म्हणूनसुद्धा नाही.

"एवढंच?" दाङवाल्याने विचारलं.

"एवढंच," झापावाला म्हणाला आणि निघून गेला. हर्कने खिशातला स्वतःचा पेचकस चाचपला.

मग यांच्या तुकडीचा पुकारा झाला.

आत लांब टेबलावर लाकडी बोर्ड उभे केले होते. हर्कच्या डाव्या हाताला टेकेंद्र उभा राहिला. परीक्षा घेणारा रोमानियाचा एक पोक्त गोरा होता. पार टोकाला कानावर पेन्सिल खोचून उभा होता आणि कोणाकडे बघून हसत नव्हता. लोकेंद्रने नियम पुन्हा सांगितले. काम झालं की हात वर करायचा. हात वर केला की बोर्डाला बोट लावायचं नाही. साहेब येऊन स्वतः बटण दाबतील.

काम हर्कसाठी पोरखेळ होता. मोटरचा स्टार्टर, दोन बटणं, वर एक दिवा. त्याने केबल सोलली आणि पाचही वायरी हातात मोकळ्या झाल्या तेव्हा सकाळपासूनची तगमग जरा निवली. हातात पक्कड असली की त्याचं डोकं गप्प बसे. तपकिरी पहिल्या फेजला. हिरवी-पिवळी अर्थिंगला. करडी तिसऱ्या फेजला. मनातल्या मनात तो बजावत होता. मग टेकेंद्रचा पेचकस कुठेतरी ठक्क वाजला आणि याच्या मनात आलं, पोरगं पुढे गेलं की काय. त्याने नजर न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. टेकेंद्र दिव्यापर्यंत पोहोचला होता. हर्कचे हात भरभर चालू लागले.

त्या भरात हातांनी वीस वर्षं केलं तेच केलं. काळी न्यूट्रलला गेली, निळी फेजला.

त्याला ते कळलंही नाही. उलट बोर्ड किती देखणा झाला याचंच त्याला बरं वाटलं. वायरी अशा बसल्या होत्या की दोह्याचा फोरमनसुद्धा गप्प बसला असता. तो शेवटचे स्क्रू आवळायला लागला. तेव्हा त्याला जाणवलं की शेजारी टेकेंद्रचे हात थांबले आहेत. टेकेंद्र त्याच्या बोर्डाकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या बोर्डाकडे बघितलं, पुन्हा हर्कच्या. आणि पेचकस घेऊन त्याने आपली निळी सोडवायला घेतली.

हा काय करतोय, म्हणून हर्कने नीट बघितलं. टेकेंद्रचं बरोबर होतं. निळी न्यूट्रलला, काळी फेजला. ते बरोबर असलेलं तो मोडत होता. का, ते हर्कला आपल्या बोर्डाकडे मान वळवल्यावर दिसलं. या जोडणीवर बटण दाबलं असतं तर दिव्याच्या अंगात जवळजवळ दुप्पट दाबाची वीज जाऊन तो साहेबाच्या तोंडासमोर फुटला असता.

त्याने आपला पेचकस पुन्हा उचलला. त्याने अजून हात वर केला नव्हता, वेळ होता. काळी सोडवली. हे करताना तो टेकेंद्रकडे एकसारखा बघत होता. पोरा, इकडे बघ, आता बघ. टेकेंद्र बघत नव्हता. त्याला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. भिनाजूचा हात, आठ वर्षांचा उस्ताद, त्याने काळी न्यूट्रलला लावली म्हणजे आपलंच चुकलं असणार, एवढा साधा त्याचा हिशेब.

हर्क खोकला.

टोकाचा गोरा मान वर करून बघू लागला. लोकेंद्रनेही बघितलं. टेकेंद्रने एक क्षण हर्ककडे डोळे वळवले, मान किंचित हलवली आणि आपल्या कामाला लागला. समजला की नाही? हर्कला पुन्हा खोकता आलं असतं. "टेके, निळी" एवढे दोनच शब्द म्हणता आले असते. झापाचा माणूस याहून जास्त बोलला नसेल. ते दोन शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि त्यांच्यामागे पगाराची ती रांग आली, नजर चुकवणारी पोरं आली, चव्वेचाळीस वर्षं आली. त्याने ओठ मिटले. टेकेंद्र तरुण आहे, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी आणखी कुठली कंपनी येईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगितलं आणि त्याला ते पटलंही, इतकं ते सोयीचं होतं.

टेकेंद्रने हात वर केला. मग हर्कने निळी बसवली, आवळली आणि हात वर केला.

साहेब आधी टेकेंद्रकडे आला. बटण दाबायच्या आधी त्याने वाकून बघितलं, दाबलंच नाही. कानावरची पेन्सिल काढून काळ्या वायरीवर टकटक केलं आणि पुढे सरकला. हर्कच्या बोर्डावर दिवा लागला, छोटी मोटर घूंऽ करून फिरली. साहेब पहिल्यांदाच काहीतरी बोलला. "फार सुबक काम, म्हणतात," लोकेंद्रने सांगितलं. "साहेब म्हणतात, असा हात त्यांनी आठवडाभरात बघितला नाही."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं. आणि हर्क टेकेंद्रच्या बोर्डावरच्या काळ्या वायरीकडे बघत होता.

दुपारी नावं पुकारली. इलेक्ट्रिशियन, हर्कबहादुर खत्री. टेकेंद्रचं नाव दुसऱ्या यादीत. लोकेंद्र म्हणाला, "हेल्पर म्हणून जायचं असेल त्यांनी आत्ताच सह्या करा, उद्यावर नाही."

टेकेंद्र उठला तसा हर्कने त्याचा दंड धरला. "करू नकोस. एकदा हेल्पर लागलं ना, की ते चिकटतं. मी सांगतो तुला."

"तुम्ही केली होती ना?"

"म्हणूनच सांगतो."

"गावात आमा सगळ्यांना सांगून बसलीय, माझा टेके ज्वाइँबरोबर जातोय म्हणून," टेकेंद्र म्हणाला. आमा, म्हणजे त्याची आई, हर्कची सासू, आणि ज्वाइँ म्हणजे तिचा जावई, हर्क. "आता रिकाम्या हाताने कुठे जाऊ? आणि तुम्ही आहात की तिथे." त्याने दंड सोडवून घेतला, हळूच, आणि जाऊन सही केली.

गेटबाहेरच्या भट्टीत, म्हणजे छोट्या खानावळीत, दोघे जेवायला बसले. भात, डाळ, रायोचा म्हणजे मोहरीच्या पाल्याचा साग, मुळ्याचं लोणचं. हर्कने भात कालवला आणि तसाच ठेवला. उठून हात धुतले, पुन्हा येऊन बसला. देवकलाचे फोन येत होते, ते त्याने घेतले नाहीत. टेकेंद्र खाली मान घालून जेवत होता. त्याने सकाळपासून एकही थट्टा सोडली नव्हती. आता तो फक्त घास घेत होता. हर्कला ते सोसेना.

"साहेबाची पेन्सिल बघितलीस?" तो म्हणाला. "कानावर काय सुताराची ठेवलीय."

"बघितली," टेकेंद्र म्हणाला.

डाळ वाढायला बाई आली, वाढून गेली. मग टेकेंद्रच बोलला.

"तुम्ही खोकलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही म्हणताय, हां, आता बरोबर केलंस."

हर्कने वर बघितलं.

"मग मी हात वर केला," टेकेंद्र म्हणाला. "आणि बघतो तर तुमची निळी न्यूट्रलला. मला आधी कळेचना. मग कळलं. इथे बसेपर्यंत वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून."

"टेके, बोललो असतो तर मला काढलं असतं."

"काढलं असतं."

"माझं वय..."

"माहितीय मला तुमचं वय. मी काय म्हटलं? मी काही म्हटलं का?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं तेच मघापासून बघतोय. सापडत नाही."

"मी लोकेंद्रजींना जाऊन सांगतो. तुझं आधी बरोबर होतं म्हणून."

"सांगा. मग खोकून खूण केली म्हणून ते तुम्हाला काढतील आणि दिदी मला दारात उभं करणार नाही." टेकेंद्रने ताट सरकवलं. खिशातून फोन काढून त्याने नंबर लावला आणि तो हर्कपुढे धरला. "एक करा. आमाला माझा पगार तुम्ही सांगा. माझ्याने नाही होणार."

हर्कने फोन घेतला तेव्हा पलीकडे घंटी वाजत होती.  सासूबाई कधीच त्याला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. जावयाच्या पाया पडायचं, त्याला उलट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत, आणि म्हातारी रीत सोडणारी नव्हती.

"टेके?"

"मी आहे, आमा."

"ज्वाइँ! दर्शन, दर्शन." म्हातारीने घाईघाईने नमस्कार केला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला असणार. "काय झालं? घेतलं?"

"घेतलं. दोघांना घेतलं. मला इलेक्ट्रिशियन म्हणून, साडेआठशे."

"देवाने डोळे उघडले! आणि टेकेचे?"

"चारशे, आमा. तो हेल्पर म्हणून."

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. म्हातारीने त्यांना हाकललं. "एवढं शिकला की तो," ती म्हणाली. तक्रार नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "काही चुकलं का त्याचं? तुम्ही शेजारी होतात ना?"

"शेजारीच होतो. त्याचं बरोबर होतं, आमा. माझं चुकलेलं बघून त्याने बदललं. मला दिसत होतं. मी माझं सुधारून घेतलं आणि त्याला सांगितलं नाही."

हे एका दमात निघून गेलं. टेकेंद्र टेबलावर सांडलेली शितं बोटाने गोळा करत होता. हर्कने फोन कानावरून काढून बघितला. तो चालूच होता.

"मग आता त्याचं हेल्परचं मिस्त्री कधी करतात?" तिने विचारलं. आवाज तसाच मऊ, तसाच आदराचा.

"ते लवकर बदलत नाहीत."

"तुम्हाला आठ वर्षं लागली, नाही का, ज्वाइँ?" म्हातारी म्हणाली. बोचावं म्हणून नाही. ती आपलं उरलेलं वय त्या आठांशी ताडून बघत होती. "तोवर मी कसली असतेय."

 टेकेंद्रने हात पुढे केला आणि हर्कने फोन त्याच्या हातात दिला.